वॉल्टर टल : नॉर्दॅम्प्टनचा हाफबॅक, मिडलसेक्सचा लेफ्टनंट

वॉल्टर डॅनियल जॉन टल याचा जन्म २८ एप्रिल १८८८ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील फोकस्टन या बंदराच्या गावी झाला. वडील डॅनियल टल हे वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावरचे सुतार. डॅनियल हा त्याच बेटावरच्या गुलामांचा वंशज. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३०च्या दशकात कायद्याने संपली, पण उसाच्या मळ्यांवर पोट भरत नसे. बेट सोडून निघालेल्या अनेकांपैकी डॅनियल एक. १८७६ मध्ये तो फोकस्टनला उतरला, सुतारकामावर लागला आणि ॲलिस पामर या केंटमधल्याच मुलीशी त्याने लग्न केले. काळा नवरा आणि गोरी बायको असे घर त्या गावात विरळाच. तरीही सुताराच्या हाताला काम होते, मुले शाळेत जात होती आणि रविवारी प्रार्थनेला सगळे घर मेथडिस्ट चर्चमध्ये असे.

१८९५ मध्ये आई कर्करोगाने गेली, तेव्हा वॉल्टर सात वर्षांचा होता. मुलांकडे पाहायला कुणीतरी हवे म्हणून डॅनियलने ॲलिसच्याच चुलत बहिणीशी, क्लाराशी लग्न केले. त्यांना एक मुलगी झाली. १८९७ मध्ये डॅनियलही हृदयविकाराने गेला. क्लाराच्या पदरात स्वतःची तान्ही मुलगी आणि सवतीची मुले, आणि घरात मिळवते कुणी नाही. अखेर चर्चच्या मध्यस्थीने दोघा मुलांना, एडवर्ड आणि वॉल्टर यांना, लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील मेथडिस्ट अनाथालयात पाठवायचे ठरले. फेब्रुवारी १८९८ मध्ये हे दोघे तिथे दाखल झाले. क्लाराला या निर्णयासाठी दोष देणे सोपे आहे. पण विधवेसाठी सरकारी निवृत्तिवेतन तेव्हा इंग्लंडात नव्हते. सार्वजनिक दरिद्रालय हा दुसरा रस्ता होता, आणि त्यापेक्षा हे अनाथालय कितीतरी बरे होते.

हे अनाथालय थॉमस बोमन स्टिफन्सन या धर्मोपदेशकाने १८६९ मध्ये सुरू केलेले. शिस्त कडक, पण प्रत्येक मुलाला एखादा हातचा धंदा शिकवून बाहेर पाठवायचे हा तिथला दंडक होता. वॉल्टरच्या वाट्याला छपाईचे काम आले. संस्थेचे एक गायकपथक होते. देणग्या गोळा करत ते गावोगावी फिरे. एडवर्ड त्यात गात असे. अशाच एका दौऱ्यात ग्लासगोच्या वॉर्नॉक कुटुंबाला तो आवडला आणि १९०० मध्ये त्यांनी त्याला दत्तक घेतले. घर दंतवैद्याचे होते. एडवर्ड टल-वॉर्नॉक या नावाने तोही पुढे दंतवैद्य झाला. वॉल्टर मागे राहिला, बारा वर्षांचा, आता खरोखरच एकटा. भावांनी मात्र एकमेकांना सोडले नाही. पुढे लष्कराच्या कागदपत्रांत वॉल्टरचा जवळचा नातलग म्हणून एडवर्डचेच नाव आले.

अनाथालयाच्या संघातून वॉल्टर फुटबॉल खेळत होता. छापखान्यातील उमेदवारी संपत आली तेव्हा, १९०८ मध्ये, पूर्व लंडनच्या क्लॅप्टन या हौशी संघाने त्याला चाचणीला बोलावले. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये त्या काळी हौशी आणि व्यावसायिक अशा दोन वेगळ्या दुनिया होत्या. क्लॅप्टन ही हौशी दुनियेतली मोठी पेढी. १९०८-०९ च्या मोसमात त्या संघाने एफए अमॅच्युअर कप, लंडन सीनियर कप आणि लंडन काउंटी अमॅच्युअर कप असे तिन्ही करंडक जिंकले. पहिल्याच मोसमात संघात आलेला हा अनाथालयातला मुलगा इतका उठून दिसला, की 'फुटबॉल स्टार' या वृत्तपत्राने त्या मोसमात गळाला लागलेला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतले.

गळ टाकून बसलेले बरेच होते. त्यात टॉटनहॅम हॉट्स्पर पुढे झाले. १९०९ च्या उन्हाळ्यात अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या दौऱ्यावर निघालेल्या टॉटनहॅमने टलला सोबत घेतले आणि परतल्यावर व्यावसायिक करारावर त्याची सही घेतली. सहीचे दहा पौंड आणि आठवड्याला चार पौंड. दोन्ही आकडे नियमाने ठरलेली कमाल मर्यादा होते. त्याहून अधिक देण्यास फुटबॉल संघटनेची सक्त मनाई होती. कुशल कारागिराच्या मजुरीच्या सुमारे दुप्पट असा हा पगार. बदल्यात खेळाडू पूर्णपणे क्लबच्या मुठीत जाई. करार संपला तरी क्लबने सोडचिठ्ठी दिल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. ही पद्धत समजून घेतली नाही, तर टलचे पुढचे आयुष्य नीट कळत नाही.

टलच्या आधी इंग्लंडात काळे खेळाडू नव्हते असे नाही. आक्रा शहरात, म्हणजे आजच्या घानात, जन्मलेला गोलरक्षक आर्थर व्हार्टन एकोणिसाव्या शतकातच व्यावसायिक म्हणून खेळला होता. ॲस्टन व्हिलाकडून खेळलेला विली क्लार्क टलच्या काही वर्षे आधीचा. पण ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि गोल राखणारा वेगळा, चेंडू घेऊन हजारो प्रेक्षकांसमोर धावणारा फॉरवर्ड वेगळा. टल इनसाइड फॉरवर्ड होता. टॉटनहॅमला त्याच वर्षी पहिल्या श्रेणीत बढती मिळालेली. १ सप्टेंबर १९०९ रोजी सुंदरलँडविरुद्ध टॉटनहॅम हरले. तोच टलचा पहिल्या श्रेणीतला पहिला सामना. पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडशी २-२ बरोबरी झाली, त्यात त्याने संघाला पेनल्टी मिळवून दिली. त्याच्या खेळाबद्दल वृत्तपत्रे जे लिहीत त्यात एक गोष्ट वारंवार येते. त्याच्या खेळात धसमुसळेपणा नव्हता. चेंडू नेमका कुठे द्यायचा हे त्याला दिसत असे आणि तो घाई करत नसे.

ऑक्टोबर १९०९ मध्ये टॉटनहॅमचा सामना ब्रिस्टल सिटीच्या मैदानावर होता. सामना सुरू झाल्यावर प्रेक्षकांच्या एका भागातून टलवर आरोळ्या सुरू झाल्या. शिव्या खेळाबद्दलच्या नव्हत्या, कातडीच्या रंगाबद्दलच्या होत्या, आणि त्या थांबल्या नाहीत. 'फुटबॉल स्टार'चा प्रतिनिधी त्या दिवशी मैदानात होता. लंडनच्या बिलिंग्जगेट मासळीबाजाराची बोली शिवराळपणासाठी प्रसिद्ध होती. त्याहून खालच्या भाषेत हा जमाव बोलत होता, असे त्याने लिहिले. मैदानावरचा सर्वांत चांगला फॉरवर्ड टलच होता आणि त्याने इतक्या स्वच्छ मनाने खेळ केला की गोऱ्या खेळाडूंनीही कित्ता गिरवावा, असेही त्याच बातमीत आहे. त्या काळात क्रीडापत्रकार मैदानावरच्या अशा शिव्या कानाआड करत. या प्रतिनिधीने तसे केले नाही, म्हणून शंभर वर्षांनंतर त्या दुपारी काय घडले हे आपल्याला कळते. ब्रिटनमधील मैदानावर एखाद्या खेळाडूला रंगावरून झालेल्या छळाची इतकी स्पष्ट नोंद त्याआधीची क्वचितच सापडते.

यानंतर टल पहिल्या संघातून हळूहळू बाहेर गेला. टॉटनहॅमसाठी पहिल्या श्रेणीत त्याचे एकूण सामने १० आणि गोल २. राखीव संघात तो खेळत राहिला, तिथे त्याचा खेळ चांगलाही होत होता. पण पहिल्या संघाचे दार किलकिलेच राहिले. त्याला का वगळले याचे लेखी कारण क्लबने दिलेले नाही. खेळ उतरला असता तर वृत्तपत्रांनी तसे लिहिले असते, आणि ब्रिस्टलच्या आधी ती त्याची स्तुतीच करत होती. क्लबला पुन्हा तसा तमाशा नको होता, हे बहुतेक अभ्यासकांचे अनुमान पटण्यासारखे आहे. अपमान झाला त्याचा आणि जागाही गेली त्याचीच.

ऑक्टोबर १९११ मध्ये टॉटनहॅमने त्याला नॉर्दॅम्प्टन टाउनकडे सोडले. नॉर्दॅम्प्टन हे जोडे-बुटांच्या कारखान्यांचे गाव. म्हणून तिथल्या संघाला सगळे 'कॉबलर्स', म्हणजे मोची, म्हणतात. हा संघ साउथर्न लीगमध्ये खेळत असे. देशातील मुख्य साखळी स्पर्धेत, फुटबॉल लीगमध्ये, दोन श्रेणींत मिळून ४० संघ होते आणि त्यांतले बहुतेक उत्तरेचे व मध्य इंग्लंडचे. दक्षिणेच्या संघांनी आपली वेगळी साखळी उभी केली, ती साउथर्न लीग. मान कमी, पण खेळ मुळीच कच्चा नव्हता. टॉटनहॅमने १९०१ चा एफए कप जिंकला तेव्हा तेही याच लीगमध्ये होते.

नॉर्दॅम्प्टनचा व्यवस्थापक होता हर्बर्ट चॅपमन. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल यांना विजेतेपदे मिळवून देणारा, इंग्लिश फुटबॉलच्या डावपेचांची घडी बदलणारा हाच तो चॅपमन. त्या वेळी तो तिशीतला होता आणि १९०९ मध्ये त्याने नॉर्दॅम्प्टनला साउथर्न लीग जिंकून दिली होती. माणूस पारखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. टलसाठी त्याने टॉटनहॅमला भरघोस रक्कम मोजली, वर आपला एक खेळाडूही दिला. सुरुवातीला टल पुढच्या फळीत खेळला. पुढे तो हाफबॅक झाला, आणि तीच त्याची खरी जागा ठरली. हाफबॅकला समोरच्याचा हल्ला तोडायचा असतो आणि त्याच पावलावर आपल्या फॉरवर्डला चेंडू पुरवायचा असतो. संघाचा श्वास त्याच्या पायात असतो. घाई न करणाऱ्या आणि मैदान वाचणाऱ्या खेळाडूसाठी याहून चांगली जागा नाही. चॅपमन १९१२ मध्ये लीड्सला गेला, तरी टलची जागा पक्की राहिली. नॉर्दॅम्प्टनकडून तो १११ सामने खेळला आणि ९ गोल केले.

टलबद्दल लिहिताना टॉटनहॅमचे दहा सामने आणि ब्रिस्टलची ती दुपार यांवरच बहुतेकांचा भर असतो. या १११ सामन्यांवरून लोक भराभर पुढे जातात, कारण त्यांत नाट्य नाही. पण खेळाडू म्हणून त्याचे आयुष्य इथेच आहे. शनिवारमागून शनिवार, चिखलात आणि धुक्यात, त्याच हजारो कामगारांसमोर तो तीन वर्षे उतरला आणि तिथे तो कुणाला परका उरला नाही. त्याला खाली पाठवले म्हणतात ते हेच गाव. १९०९ नंतरची त्याची सर्वांत चांगली वर्षे त्याने तिथेच काढली.

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन युद्धात उतरले. क्रिकेट थांबले, रग्बी थांबली. व्यावसायिक फुटबॉल मात्र चालू राहिले, कारण मोसम संपेपर्यंत खेळाडूंचे करार होते. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. धडधाकट तरुण पगार घेऊन चेंडू लाथाडत आहेत आणि हजारो तरुण नुसते बघत उभे आहेत, असा सूर होता. त्यावर उपाय म्हणून १५ डिसेंबर १९१४ रोजी लंडनच्या फुलम टाउन हॉलमध्ये सभा झाली आणि खेळाडूंची स्वतंत्र पलटण उभारायचे ठरले. विल्यम जॉइन्सन-हिक्स हे खासदार त्यामागे होते. मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन असे तिचे अधिकृत नाव. लोक तिला फुटबॉलर्स बटालियन म्हणू लागले. सही करणारा पहिला खेळाडू फ्रँक बकली, पुढे मेजर बकली म्हणून गाजलेला. क्लॅप्टन ओरिएंट या क्लबचे खेळाडू, कर्मचारी आणि पाठीराखे मिळून ४१ जण भरती झाले. शनिवारी सामन्यासाठी रजा मिळेल, अशी सवलत होती. तरीही मार्च १९१५ अखेरपर्यंत व्यावसायिक खेळाडू भरले ते १२२च; बाकीची पलटण हौशी खेळाडू आणि प्रेक्षकांनी भरली. खेळाडूची कमाल पगारमर्यादा तोवर आठवड्याला पाच पौंड झाली होती, आणि शिपायाला मिळे दिवसाला एक शिलिंग, म्हणजे आठवड्याचे सात शिलिंग. एका पौंडाचे शिलिंग वीस. हा हिशेब समोर ठेवला की १२२ हा आकडा लहान वाटत नाही.

टलने २१ डिसेंबर १९१४ रोजी नाव नोंदवले. पलटण स्थापन होऊन आठवडाही झाला नव्हता. प्रशिक्षणाच्या काळातच त्याला बढत्या मिळत गेल्या आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये पलटण फ्रान्सला उतरली तेव्हा तो लान्स सार्जंट होता. म्हणजे गोऱ्या शिपायांवर, आणि त्यांत अनेक नामवंत खेळाडू असताना, त्याचा हुकूम चालत होता.

खंदकातील पहिला हिवाळा त्याने काढला. तोफांचा मारा दिवसरात्र चाले. माणूस शरीराने वाचला तरी मनाने कोसळे. मे १९१६ मध्ये टलला तीव्र मानसिक विकाराचे निदान करून इंग्लंडला परत पाठवण्यात आले. 'शेल शॉक' हा शब्द तेव्हा नुकताच रूढ होत होता आणि अनेक वरिष्ठांच्या लेखी तो भ्याडपणाचाच प्रकार होता. चार महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, टल पुन्हा फ्रान्समध्ये होता. सोम नदीवरची लढाई शेवटच्या टप्प्यात होती. डिसेंबर १९१६ मध्ये त्याला खंदकज्वर झाला. उवांमधून पसरणारा हा ताप पाच-पाच दिवसांनी उलटे, नडगीची हाडे ठणकत, आणि माणूस आठवडेच्या आठवडे उठत नसे. पुन्हा इंग्लंड, पुन्हा इस्पितळ.

इथून त्याच्या आयुष्याला जे वळण लागले, ते त्या वेळच्या नियमांत बसत नव्हते. सोमवर अधिकारी इतक्या संख्येने मारले गेले होते की बड्या घरांतून आणि बड्या शाळांतून नवे अधिकारी पुरेनात. १९१६ पासून लष्कराने कॅडेट बटालियन सुरू केल्या. कमांडिंग ऑफिसरने शिफारस केलेल्या शिपायांना आणि सार्जंटांना तिथे काही महिन्यांचे शिक्षण देऊन अधिकारी करत. संपूर्ण युद्धात दोन लाखांहून अधिक नवी कमिशने दिली गेली. गरजेने वर्गाची भिंत अशी पाडली. रंगाची भिंत मात्र कागदावर तशीच होती. १९१४ च्या लष्करी कायद्याच्या पुस्तिकेत निग्रो किंवा वर्णीय व्यक्तीला परकीयांच्या रांगेत बसवले होते. मानाचा हुद्दा मिळू शकेल, पण प्रत्यक्ष हुकमत चालवता येणार नाही. कमिशनसाठीच्या युद्धपूर्व सूचनांत तर उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा, असे सरळ लिहिलेले.

मराठी वाचकाला ही भिंत ओळखीची वाटेल. त्याच महायुद्धात मेसोपोटेमियात लढणाऱ्या मराठा पलटणींतले सुभेदार आणि जमादार, केस पिकलेले असले तरी, काल आलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या हाताखाली असत; गोऱ्या शिपायावर त्यांचा हुकूम चालत नसे. पायदळ आणि घोडदळात भारतीयांना किंग्ज कमिशन देण्याची घोषणा ऑगस्ट १९१७ मध्ये झाली आणि पहिल्या खेपेस ते नऊ जणांना मिळाले.

टल ६ फेब्रुवारी १९१७ रोजी स्कॉटलंडमधील गेल्स येथील कॅडेट शाळेत दाखल झाला आणि ३० मे १९१७ रोजी सेकंड लेफ्टनंट झाला. नियम मोडून त्याला मुद्दाम कमिशन दिले, असे दिसत नाही. घडले असावे ते साधेच. ज्याने त्याला खंदकात पाहिले होते अशा कुणीतरी शिफारशीवर सही केली. पुढच्या टेबलावरच्याने हरकत घेतली नाही. वंशाच्या रकान्यापाशी प्रत्येक जण नुसता पुढे गेला. नियम तसाच राहिला आणि टल अधिकारी झाला.

या संदर्भात ब्रिटिश सैन्यातला पहिला काळा अधिकारी असा त्याचा उल्लेख वर्षानुवर्षे होत आला आहे, स्मारकांच्या भाषणांतूनही. ते खरे नाही. जमैकात जन्मलेल्या जॉर्ज बेमंड याला तोफखान्यात मे १९१५ मध्येच कमिशन मिळाले होते, आणि जमैकाचाच डेव्हिड क्लेमेटसन त्याच वर्षी घोडदळात अधिकारी झाला. ते सुस्थितीतल्या घरांतले, चांगल्या शाळांतून आलेले तरुण होते. टलकडे यातले काही नव्हते. सुताराचा मुलगा, अनाथालयात वाढलेला, छपाईचा कारागीर, पगारी खेळाडू, साधा शिपाई, आणि मग गोऱ्या सैनिकांना लढाईत घेऊन जाणारा अधिकारी. पहिलेपणाची पाटी काढून घेतली तरी त्याचे मोल तिळमात्र कमी होत नाही. उलट तो किती पायऱ्या चढून आला हे तेव्हाच नीट दिसते.

नवा लेफ्टनंट मिडलसेक्सच्या २३ व्या बटालियनमध्ये, म्हणजे दुसऱ्या फुटबॉलर्स बटालियनमध्ये, ४१ व्या डिव्हिजनसोबत गेला. १९१७ चा उन्हाळा आणि पावसाळी शरद ऋतू त्यांनी बेल्जियममध्ये ईप्रच्या चिखलात काढला. २४ ऑक्टोबरला कापोरेट्टो येथे ऑस्ट्रियन आणि जर्मन सैन्याने इटालियन आघाडी फोडली. इटलीचे सैन्य मागे हटत पियावे नदीपर्यंत आले. त्यांना सावरायला ब्रिटन आणि फ्रान्स यांनी घाईने डिव्हिजन पाठवल्या, त्यांत ४१ वी होती.

पियावे आल्प्समधून उतरते. गोट्यांनी भरलेले रुंद पात्र, त्यात वाळूची बेटे, आणि बेटांमधून वाहणारे अनेक वेगळे प्रवाह; उथळ दिसतात पण पाय ठरू देत नाहीत. हिवाळ्यात पाणी बर्फाचेच. पलीकडच्या काठावर ऑस्ट्रियन सैन्य. १९१८ च्या नववर्षाच्या रात्री टल २६ माणसे घेऊन या पात्रात उतरला. अशा छाप्यात अधिकारी सर्वांत पुढे असतो. एक प्रवाह ओलांडायचा, बेटावर दबून राहायचे, कान द्यायचा, मग पुढचा प्रवाह. पात्रातल्या गोट्यांवर पावलाचा आवाज होतो, आणि पलीकडून उजेडाची फुलबाजी उडाली की सगळ्यांनी जागच्या जागी थिजायचे. ओल्या कपड्यांत, शत्रूच्या काठावर जाऊन, जोराच्या माऱ्याखाली टलने आपली सव्वीसच्या सव्वीस माणसे परत आणली. एकालाही इजा नव्हती. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि डोके थंड ठेवण्याच्या गुणाची लेखी प्रशंसा केली. ब्रिस्टलच्या प्रेक्षकांसमोर चेंडू न सोडणारा तो मुलगा आणि पियावेच्या पात्रातला हा अधिकारी यांचा स्वभाव एकच आहे.

मार्च १९१८ च्या सुरुवातीला डिव्हिजन फ्रान्सला परतली. २१ मार्चला जर्मनीने वसंतातली मोठी चढाई सुरू केली. रशियाशी तह झाल्यामुळे पूर्वेकडून मोकळे झालेले सैन्य, दाट धुके आणि काही तासांत लाखो तोफगोळे. ब्रिटिश फळी मैलोन् मैल मागे रेटली गेली. जे दिवस खंदकात काढायचे ते आता उघड्यावर, मागे सरकत, पुन्हा वळून लढत काढावे लागले. २५ मार्च रोजी बापोमजवळच्या फाव्रॉय गावाच्या आसपास २३ वी बटालियन माघार घेत असताना टलला गोळी लागली. मशीनगनचा मारा चालूच होता. त्याच्या तुकडीतला टॉम बिलिंगहॅम नावाचा शिपाई त्याच्याकडे धावला. बिलिंगहॅम लेस्टर फॉसचा गोलरक्षक होता. हे दोघे एकाच खेळातले. त्याने टलला ओढत मागे आणायचा प्रयत्न केला, पण जर्मन इतके जवळ आले होते की त्याला सोडून द्यावे लागले. टलचा मृतदेह सापडला नाही. तो २९ वर्षांचा होता.

ग्लासगोला एडवर्डच्या घरी तार आली. पुढच्या महिन्यात बटालियनमधील अधिकाऱ्याचे, सेकंड लेफ्टनंट पिकार्ड याचे, पत्र आले. टल पलटणीत सर्वांचा आवडता होता, तो शूर आणि कर्तव्याला जागणारा होता, आणि मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकासाठी त्याची शिफारस झाली होती, असे पिकार्डने कळवले. तो मिलिटरी क्रॉस कधीच आला नाही. टलच्या नावावर १९१४-१५ चा स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल एवढीच पदके आहेत. ती लाखो सैनिकांना मिळाली.

मिलिटरी क्रॉस का मिळाला नाही, यावर अजून वाद होतो. एक बाजू म्हणते, पदक दिले तर काळ्या अधिकाऱ्याला प्रत्यक्ष हुकमत दिल्याची कबुली कागदावर आली असती, म्हणून शिफारस दाबली गेली. दुसरी बाजू लष्कराच्या रिवाजाकडे बोट दाखवते. मृत्यूनंतर देता येत असे ते व्हिक्टोरिया क्रॉस किंवा खलित्यातील उल्लेख एवढेच. मिलिटरी क्रॉस मरणोत्तर देण्याची सोय १९७९ मध्ये झाली. शिवाय युद्धातल्या लष्करी कागदपत्रांचा मोठा भाग १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. रिवाजाचा मुद्दा खोटा नाही, पण पुरता पटतही नाही. पियावेचा छापा आणि त्याचा मृत्यू यांत जवळजवळ बारा आठवडे गेले होते. लॉफर्ड यांच्यासारख्या सेनापतीने लेखी प्रशंसा केलेली असताना या काळात पदक जाहीर होऊ शकले असते. २०१८ मध्ये, मृत्यूच्या शताब्दीला, डेव्हिड लॅमी आणि इतर अनेक खासदारांनी टलला आता तरी मिलिटरी क्रॉस द्यावा अशी मागणी पंतप्रधानांकडे केली.

टलचे नाव युद्धानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षे जवळजवळ कुणी घेतले नाही. फोकस्टनच्या स्मारकावर ते होते, भावाच्या घरात त्याची पत्रे आणि छायाचित्रे होती, बस्स. फिल व्हासिली हा अभ्यासक १९९० च्या दशकात ब्रिटनमधील जुन्या काळ्या खेळाडूंचा शोध घेऊ लागला. जुनी वृत्तपत्रे, पलटणीच्या दैनंदिन्या आणि एडवर्डच्या कुटुंबातल्या आठवणी एकत्र करून त्याने हे आयुष्य जुळवले. ११ जुलै १९९९ रोजी नॉर्दॅम्प्टनच्या सिक्सफील्ड्स मैदानाबाहेर टलचे स्मारक उभे राहिले. त्याच्या पहिल्या सन्मानाचा मान पुन्हा त्या मोच्यांच्या गावानेच घेतला. पुढे २००८ मध्ये बीबीसीने त्याच्यावर चित्रपट केला, २०१४ मध्ये टांकसाळीने नाण्यावर त्याला आणले आणि २०२१ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

थडगे नसलेल्या सैनिकांसाठी फ्रान्समधील आरास येथे जे स्मारक आहे, त्याच्या भिंतींवर सुमारे ३५,००० नावे कोरलेली आहेत. दिल्लीचे इंडिया गेट ज्यांनी आखले त्याच एडविन लट्यन्सचे हे काम. सातव्या कप्प्यात मिडलसेक्स रेजिमेंटची नावे हुद्द्याप्रमाणे लावली आहेत. सेकंड लेफ्टनंटांच्या यादीत टल, डब्ल्यू. डी. जे. हे नाव आहे.